कारूपूर्तच्या आधी अंडं नाही

लोरेन्स: एक अंडं मागतोय, ड्रीका. एक. तुझ्या बापाची बाग नाही मागत.

ड्रीका: कारूपूर्त आलं का?

लोरेन्स: आलंच समज.

ड्रीका: आलंच समज म्हणजे नाही आलं. डोंगर ओलांडून कारूपूर्त लागलं की पेटी उघडायची. नियम कुणाचा?

लोरेन्स: माझा.

ड्रीका: मग संपलं.

अ‍ॅटी: पण ड्रीका, तो नियम गाडी चालवणाऱ्याने केला होता. तेहतीस वर्षं हा चालवत होता. आज चालवतेस तू. राज्य बदललं की कायदे बदलतात गं! आणि शिदोरीची पेटी इथे माझ्या मांडीला मांडी लावून बसलीय. वास येतोय नुसता.

ड्रीका: अ‍ॅटी, तुला मागच्या सीटवर भाऊ म्हणून बसवलंय, उंदीर म्हणून नाही. झाकण वाजलं की मला ऐकू येतं.

लोरेन्स: हिला सगळं ऐकू येतं, मला एका डोळ्याने दिसत नाही, आणि तुला कमरेत वाकता येत नाही. काय शिकारी निघालेत! स्प्रिंगबॉक हसून हसूनच मरतील, गोळ्या वाचतील.

अ‍ॅटी: जावईबापू, वाकता येत नसलं तरी नेम शाबूत आहे माझा. हरणाला मारायला कंबर लागत नाही.

लोरेन्स: गेल्या वर्षी तू पाण्याची टाकी मारलीस.

अ‍ॅटी: ती हरणाच्या मागे उभी होती!

ड्रीका: टाकी उभी होती?

अ‍ॅटी: तू गप्प गाडी चालव. वळण आहे पुढे.

लोरेन्स: मुद्दा असा की डॉक्टर मूर्ख आहे. दहा दिवस झाले डोळ्याचं ऑपरेशन होऊन. गाडी चालवू नका, वाकू नका, बंदुकीचा धक्का बसू देऊ नका. मग काय करू? बायकोला चालक करून शेजारी लोणच्याच्या बरणीसारखा बसू?

ड्रीका: बरणी बरी. तिला बोलता येत नाही.

अ‍ॅटी: ते बघ! ते झाड, ते सिमेंटचं टेबल! आलं कारूपूर्त! थांबव, थांबव, देवाचं नाव घेऊन थांबव.

लोरेन्स: हळू. तिथे खडी आहे. ब्रेक जोरात नको. हां. आता उजवीकडे. अगं, उजवीकडे!

ड्रीका: उतरा. आणि लोरेन्स, अंडी सोलायचं काम कुणाचं?

लोरेन्स: म्हणजे?

ड्रीका: चालवणाऱ्याच्या शेजारी जो बसतो, तो सोलतो. हाही तुझाच नियम. तेहतीस वर्षांत मी किती अंडी सोलली असतील, तू हिशेबात हुशार आहेस, तूच कर. मला दोन. पांढऱ्यावर नखाची खूण नको.

अ‍ॅटी: हा हा! जावईबापू, बसा. मी बघतो.

लोरेन्स: तू का बघतोस? तूही सोल.

अ‍ॅटी: मी मागच्या सीटचा. मागच्या सीटवाल्याने फक्त खायचं. आमचा हा एकच नियम.

लोरेन्स: हे निघत का नाही? सालीबरोबर अर्धं अंडं येतंय.

ड्रीका: आधी टेबलावर आपटून फिरवायचं. टोकाला हवा असते, तिथून सुरू करायचं.

लोरेन्स: हे तू कधी सांगितलं नाहीस.

ड्रीका: तू कधी विचारलं नाहीस. खायला मात्र हात पुढे असायचा.

अ‍ॅटी: ड्रीका, मिठाची पुडी कुठाय?

ड्रीका: ही घे. तुझी आणि माझी. त्याला नाही. डॉक्टर मूर्ख असला तरी रक्तदाब शहाणा आहे.

लोरेन्स: मीठ नाही, साखर नाही, गाडी नाही, बंदूक नाही! मग मी आलो कशाला?

ड्रीका: ते अजून ठरायचंय.

लोरेन्स: आणि तसंही यंदा तुझ्या हाताला चव उरली नाही. खिम्याचे गोळे केलेस ना? अगदीच मातकट झालेत.

ड्रीका: कुठे खाल्लेस तू गोळे? ते तर अजून पेटीत आहेत, फडक्यात गुंडाळलेले.

लोरेन्स: म्हणजे… वासावरून म्हटलं.

ड्रीका: अ‍ॅटी.

अ‍ॅटी: माझ्याकडे बघू नकोस. मी दोनच खाल्ले.

ड्रीका: काय दोनच खाल्ले?

अ‍ॅटी: पेट्रोल पंपावर. तू आत पैसे द्यायला गेलीस तेव्हा. याच्याकडे आइस्क्रीमचा डबा होता. म्हणाला, ती बिनमिठाचं खायला घालणार, म्हणून मी काल रात्रीच फ्रीझरमधून आपली सोय केली.

लोरेन्स: फितूर! बायकोच्या भावावर विश्वास ठेवू नये तो यासाठी.

ड्रीका: फ्रीझरमधून. निळ्या झाकणाचा डबा?

लोरेन्स: एका डोळ्याला निळं काय आणि पांढरं काय. गोल गोल गोळे होते. रात्रभर बॉयलरवर ठेवून बर्फ घालवला.

ड्रीका: किती खाल्लेस?

लोरेन्स: तीन. का?

ड्रीका: काही नाही. मेंढीची फुफ्फुसं आणि मक्याचं पीठ. वाख्टरसाठी करून ठेवते मी, आठवड्याचे एकदम.

अ‍ॅटी: वाख्टर म्हणजे कुत्रा?

ड्रीका: त्याने आजवर चवीबद्दल तक्रार केली नाही.

अ‍ॅटी: अरे देवा. अरे देवा! आणि मी म्हटलं होतं, जरा मोहरी लाव म्हणजे बरे लागतील.

लोरेन्स: हसू नकोस, ड्रीका.

ड्रीका: हसत नाही.

लोरेन्स: तुझे खांदे हलतायत.

ड्रीका: थंडी आहे. हे घे, खरे गोळे. दोघं खा, नाहीतर रस्त्यात भुंकायला लागाल.

अ‍ॅटी: हे! हे बघ, याला म्हणतात गोळा. आत जायफळ. आईसारखं. ड्रीका, आता शिकारीच्या पिशव्याही दाखव ना. यंदा काय काय घातलंस?

ड्रीका: त्या उद्या पहाटे. रानात पायी निघायच्या वेळी. पिशवी आधी बघायची नसते.

अ‍ॅटी: मला पाठ आहे. बिल्टॉन्गच्या, सुक्या मांसाच्या, दोन काड्या, दोन रस्क, सुक्या सॉसेजचा तुकडा आणि सुकवलेले पीच चार. चारच! पीच माझ्या बागेतले, सुकवतो मी माझ्या गच्चीवर, आणि माझ्याच पिशवीत मला चार!

ड्रीका: बाबांचा नियम आहे. का, ते तुला माहीत आहे.

अ‍ॅटी: हं. बरं, राहू दे.

लोरेन्स: का आहे? मलाही कधी कळलं नाही.

अ‍ॅटी: जुनी गोष्ट आहे. कॉफी दे, कॉफी.

लोरेन्स: थांबा, रेंज आहे तोवर एक काम करतो. इथून पुढे अडीचशे किलोमीटर फोन म्हणजे नुसता दगड. साकीच्या शेतावर पोचायच्या आधी त्याला सांगायचं राहिलं की सगळं सामान घेतलंय.

ड्रीका: काय सामान?

लोरेन्स: बंदूक गं. त्याच्या जावयासाठी. केपटाऊनचा तो दातांचा डॉक्टर. यंदा पहिल्यांदा येतोय शिकारीला. स्वतःची बंदूक नाही, परवाना नाही. मला धक्का चालत नाही म्हणून मीच साकीला म्हटलं, माझी जागा रिकामी आहे, पोराला माझी बंदूक देतो. मी शेजारी उभा राहीन. कायदा तसा आहे, परवानेवाला शेजारी असला की दुसऱ्याला चालवता येते.

अ‍ॅटी: बाबांची बंदूक?

लोरेन्स: माझीच की आता. तेहतीस वर्षं माझ्याच नावावर आहे.

ड्रीका: कधी म्हटलंस साकीला?

लोरेन्स: गेल्या रविवारी.

ड्रीका: मी बिल्टॉन्ग कापत होते तेव्हा.

लोरेन्स: असेल. का, काय झालं? अगं, पेटी का बंद केलीस? माझं दुसरं अंडं राहिलं.

ड्रीका: बसा गाडीत.

लोरेन्स: साकीचा फोन लागत नाही. गेली वाटतं रेंज. ड्रीका, अंडं!

ड्रीका: बसा म्हटलं ना.

अ‍ॅटी: जावईबापू, बसा. हिचा हा आवाज मी लहानपणापासून ओळखतो. यानंतर ती बादली फेकते.

(काल्विनिया गावाच्या सत्तर किलोमीटर अलीकडे. पाटीसारख्या धारदार दगडाने मागचं डावं चाक फाडलंय. ड्रीका गुडघ्यावर बसून नट सैल करतेय; दोघे पुरुष शेजारी उभे.)

लोरेन्स: पावणेदोनशे किलोमीटर तू एक शब्द बोलली नाहीस. टायरसुद्धा कंटाळून फुटला.

ड्रीका: जॅक दे.

लोरेन्स: कुठाय?

ड्रीका: मागच्या सीटखाली. पेटीच्या खाली.

लोरेन्स: अ‍ॅटी, पेटी काढ.

अ‍ॅटी: मला वाकवत नाही.

लोरेन्स: मला वाकायचं नाही.

ड्रीका: दोन पुरुष मिळून एक पेटी उचलत नाहीत. मी येऊ का?

लोरेन्स: नको, नको. एकेक वस्तू बाहेर काढतो, मग पेटी हलकी होईल. घे, अ‍ॅटी. थर्मास. ब्रेड. अंडी, अजून चार आहेत, बघ, लपवून ठेवली होती. रस्कचा डबा. आणि या शिकारीच्या पिशव्या. दोनच? हो, बरोबर. साकी स्वतःची आणतो, म्हणजे तुझी, माझी… अ‍ॅटी, ही तुझी. तुझं नाव आहे. आणि ही…

अ‍ॅटी: काय झालं?

लोरेन्स: वाच. माझा डोळा चुकत असेल.

अ‍ॅटी: तुझा डोळा बरोबर आहे.

लोरेन्स: ड्रीका, या पिशवीवर तुझं नाव आहे.

ड्रीका: हो. मीच शिवलंय. जॅक मिळाला का?

लोरेन्स: शिकारीची पिशवी जो बंदूक चालवतो त्याचीच असते.

ड्रीका: हो.

लोरेन्स: म्हणजे तू…

ड्रीका: म्हणजे मी. तुला धक्का चालत नाही, जागा रिकामी होती. उद्या पहाटे पिशवी खांद्याला लावूनच तुझ्यासमोर उभी राहणार होते, म्हणजे वाद घालायला तुला वेळ मिळाला नसता. पण जागा तू दातवाल्याला देऊन मोकळा झालास. जॅक.

लोरेन्स: हा घे. पण हे काय खूळ आहे? विचारायचं तरी!

ड्रीका: तू त्याला द्यायच्या आधी मला विचारलंस?

लोरेन्स: तुला कशाला विचारू? माझी बंदूक आहे!

ड्रीका: बाबांनी वाटण्या केल्या तेव्हा अ‍ॅटीला बाग मिळाली. तुला बंदूक मिळाली. मला रस्क भाजायचा पत्रा मिळाला. माझी तक्रार नाही, पत्रा चांगला आहे. पण बंदूक घराबाहेर जाणारच असेल, भाड्याच्या सायकलसारखी, तर एक दिवस मला का नाही?

लोरेन्स: शब्द दिलाय मी साकीला! आणि तुला येणार आहे का? ड्रीका, रागावू नकोस, पण लहानपणी कुंपणावरचे डबे उडवणं म्हणजे शिकार नव्हे. जिवंत जनावर समोर आलं की भल्याभल्यांचे हात कापतात. अ‍ॅटीला विचार. तेरा वर्षांचा होता हा. पहिलं स्प्रिंगबॉक, दोनशे पावलांवरून, एका गोळीत! याच बंदुकीने! वारा डावीकडून, सूर्य डोळ्यांत. तुझ्या वडिलांनी डोक्यावरची टोपी काढली होती. सांग रे अ‍ॅटी, सांग तिला.

अ‍ॅटी: तिला पाना हवाय बहुतेक.

लोरेन्स: पाना तिच्या हातात आहे. सांग ना. एरवी शेकोटीपाशी न विचारता सांगतोस.

अ‍ॅटी: माझ्या पोटात जरा… ते कुत्र्याचे गोळे…

ड्रीका: सांग की, अ‍ॅटी.

अ‍ॅटी: ड्रीका, कशाला आता.

ड्रीका: वारा डावीकडून नव्हता, लोरेन्स. उजवीकडून होता.

लोरेन्स: तुला काय माहीत?

ड्रीका: केस सारखे डोळ्यांत येत होते. वेणी सुटली होती.

लोरेन्स: कुणाची वेणी?

अ‍ॅटी: माझी तर नव्हती.

लोरेन्स: थांबा. थांबा जरा. तो नट ठेव खाली. कुणाची वेणी, अ‍ॅटी?

अ‍ॅटी: तिची. अकरा वर्षांची होती. बाबांबरोबर आम्ही दोघंही गेलो होतो. शिकार माझी होती, ती नुसती पिशवी धरायला. बाबांनी पिशवी भरून पीच आणले होते दिवसभरासाठी, आणि मी ते… सगळे खाल्ले.

लोरेन्स: सगळे?

अ‍ॅटी: भूक नव्हती रे, भीती होती. तेरा वर्षांचा होतो. सगळे म्हणत होते, आज अ‍ॅटी पुरुष होणार. मी खात सुटलो. वरून पाणी प्यायलो. सुके पीच आणि पाणी! पोटात काय झालं ते तुला सांगायला नको. कळप आला तेव्हा मी झुडपामागे बसलो होतो. शिकार करायला नाही.

ड्रीका: बाबा हाका मारत होते, अ‍ॅटी, अ‍ॅटी, अरे नर उभा आहे! याचा आवाज आला, मला येता येत नाही! बाबांचा हात तेव्हा पट्टीत होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. दुसरं कुणी नव्हतंच बघायला. म्हणाले, धर.

लोरेन्स: आणि?

ड्रीका: धरली. तो चौथा नट दे.

लोरेन्स: नट राहू दे गं! आणि?

ड्रीका: आणि पडला. एका गोळीत. टोपी काढली हे खरं आहे. मग डोक्यावर परत ठेवली, झुडपाकडे बघितलं आणि म्हणाले, ड्रीका, हे आपण अ‍ॅटीचं म्हणू. नाहीतर धाकट्या बहिणीने मारलं आणि हा झुडपामागे होता असं गावाला कळलं, तर पोराला शाळेत तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

लोरेन्स: आणि तू हो म्हणालीस.

ड्रीका: अकरा वर्षांची होते. आणि हा रडत होता.

अ‍ॅटी: रडत नव्हतो, पोट दुखत होतं.

ड्रीका: रडत होतास.

अ‍ॅटी: रडत होतो.

लोरेन्स: ते कच्चं काळीज? पहिली शिकार करणाऱ्याने खायचं असतं ते? हा डोळे मिटून सांगतो ना, गरम होतं, लोखंडासारखी चव…

ड्रीका: मी खाल्लं. याने बघितलं आणि परत झुडपामागे गेला.

लोरेन्स: आणि तुझ्या दिवाणखान्यातली ती शिंगं, अ‍ॅटी?

अ‍ॅटी: बाबांनीच माझ्या खोलीत लावली होती. मी कितीदा म्हटलं हिला, घेऊन जा. दर नाताळला म्हणतो.

ड्रीका: दर नाताळला तिसऱ्या ग्लासनंतर म्हणतो. लहानपणी धूळ मात्र मीच पुसायचे. शिंगं त्याच्या खोलीत, फडकं माझ्या हातात.

लोरेन्स: म्हणून पीच चार.

ड्रीका: म्हणून चार. बाबांनी त्या दिवशीच नियम केला.

लोरेन्स: तेहतीस वर्षं. तेहतीस वर्षं मी ही गोष्ट ऐकतोय, आणि तू एका शब्दाने मला…

ड्रीका: मला कुठे तू बोलू दिलंस? दरवर्षी रानातून आलास की बूट काढायच्या आधी तूच मला ती सांगायचास. आज अ‍ॅटीने पुन्हा सांगितलं बघ, काय नेम, काय छाती! मी साकीच्या स्वयंपाकघरात पिशव्या धूत ऐकायचे. तू इतकं मनापासून सांगायचास, लोरेन्स. पहिल्या वर्षी वाटलं, सांगून टाकावं. मग वाटलं, कौतुक कानावर पडतंय ना, पडू दे. मी ते आपलं गुपचूप घेत होते.

अ‍ॅटी: मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

ड्रीका: तुला रस्क देते. गप्प बस.

लोरेन्स: मग आज का? इतकी वर्षं गेली तेव्हा आज काय नडलं?

ड्रीका: कारण ती खांद्याला लावल्यावर कशी वाटली होती ते मला अजून आठवतं. लाकूड थंड होतं, आणि माझ्या गालाला बरोबर बसलं होतं. नंतर पुन्हा कधी खांद्याला लावली नाही. दरवर्षी मी तेल लावून तुझ्या हातात दिली. मला ती एकदा हवीय. मनापासून हवीय. तू बाजूला उभा हवास, कारण परवाना तुझ्या नावावर आहे. आणि परवाना नसता तरी तू उभा हवा होतास. झालं. चाक बसलं. जॅक काढा आता.

अ‍ॅटी: मी काढतो.

ड्रीका: तुला वाकता येत नाही.

अ‍ॅटी: आज येतंय.

लोरेन्स: ड्रीका.

ड्रीका: काय?

लोरेन्स: हात पूस आधी. बस. काल्विनिया किती?

ड्रीका: सत्तर.

अ‍ॅटी: कुणी रस्क घेणार? नाही? मी एकटाच? बरं. मग मीही नाही. … ते बघा चर्चचं टोक. आलं काल्विनिया. जावईबापू, तासभर तू गप्प! कुत्र्याचं खाऊन भुंकणं तरी अपेक्षित होतं.

लोरेन्स: पंपावर थांबव, ड्रीका. फुटलेला टायर टाकू आणि फोन लागतो का बघू. लागला. … साकी? लोरेन्स बोलतोय. … हो, उशीर झाला, टायर गेला. … तसं नाही, ऐक. तुझ्या जावयाला सांग, यंदा माझी बंदूक मिळणार नाही. … मोडलेली नाही. … विकलेलीही नाही, अरे, ऐकून तरी घे. तिची मालकीण आलीय. … माझी बायको रे! ड्रीका! … नाही, स्वयंपाकाला नाही! स्वयंपाकाला तुझा जावई आहे ना? दात उपटतो, त्याला कांदे सोलता येतील. … शब्द दिला होता, माहीत आहे. परत घेतोय. … रागाव. मटण खाताना विसरशील. … हो, मी असणार शेजारी. … मी काय करणार? पिशवी धरणार. ठेवतो.

अ‍ॅटी: पिशवी धरणार!

लोरेन्स: तू हसू नकोस. तुला हसायचा हक्क राहिलेला नाही. हे घे, ड्रीका.

ड्रीका: हे काय?

लोरेन्स: बंदुकीचा बोल्ट. सकाळपासून कोटाच्या आतल्या खिशात आहे. हा नसेल तर ती नुसती काठी. तुझ्या पिशवीत टाक. रस्कच्या शेजारी नको, तेल लागेल.

ड्रीका: कायद्याने तो तुझ्याकडे राहायचा. उद्या दे, उभे राहिलो की.

लोरेन्स: बरं. उद्या देतो. पण देणार मी. माझ्या हाताने.

ड्रीका: समोरचा कप्पा उघड.

लोरेन्स: कुठला?

ड्रीका: तुझ्या गुडघ्यासमोरचा. सकाळपासून ज्याला गुडघा लावून बसलायस तो.

लोरेन्स: नकाशा आहे, बॅटरी आहे… ही पिशवी? माझं नाव आहे हिच्यावर.

ड्रीका: मग? उपाशी ठेवणार होते?

लोरेन्स: बिनमिठाचं बिल्टॉन्ग. रस्क दोन. आणि हे पीच… दोन, चार, सहा, सात, आठ! अ‍ॅटी, आठ आहेत!

अ‍ॅटी: याला आठ? माझ्या बागेतले, आणि याला आठ?

ड्रीका: त्याला उद्या नेम धरायचा नाही. झुडपामागे गेला तरी चालेल.

लोरेन्स: आधीच का नाही सांगितलंस की माझीही पिशवी आहे?

ड्रीका: आधी तू फोन करतोस का, ते बघायचं होतं.

लोरेन्स: हं. चल, काढ गाडी. अ‍ॅटी, ती उरलेली अंडी पुढे दे. टेबलावर आपटून फिरवायचं, टोकाला हवा असते, तिथून सुरुवात. हे बघ. एक ओरखडा नाही. ड्रीका, तोंड उघड.

ड्रीका: मीठ लावलंस?

लोरेन्स: लावलं. मी पुडी चाटलीसुद्धा नाही.

अ‍ॅटी: मी काय म्हणतो… आज रात्री साकीकडे शेकोटी पेटली की सगळे माझ्याकडे बघणार. अ‍ॅटी, ती गोष्ट सांग म्हणणार.

लोरेन्स: मग? मी सांगू का?

अ‍ॅटी: नको. मीच सांगतो. सत्तेचाळीस वर्षं पाठ आहे. वारा, सूर्य, टोपी, काळीज, सगळं तसंच. एक नावच तर बदलायचंय. आणि ते पीचचंही सांगतो. हसले तर हसू देत.

ड्रीका: नक्की?

अ‍ॅटी: नक्की.

ड्रीका: मग पावलं एकशे साठच सांग. दोनशे नव्हती.